आरमारातले गुलाब

“माझ्या समुद्रात गुलाब उगवलेत,” असं म्हणून मी खोका काउंटरवर आपटला.

खेळण्यांच्या दुकानाचे मालक चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात माझ्या शेजारून एक आवाज आला. शांत, आणि जरासा ओशाळलेला.

“आणि माझ्या बागेत तोफ आहे.”

मी वळून पाहिलं. कोपराला ग्रीसचा डाग लागलेला निळा शर्ट, कानामागे पेन्सिल, आणि हातात माझ्या खोक्याएवढाच खोका. माझ्या खोक्यावर आरमारी लढाईचं जुनं चित्र होतं — फाटलेली शिडं, धूर, पेटलेली डोलकाठी, पाण्यात गटांगळ्या खाणारे सैनिक. त्याच्या खोक्यावर दगडी कुंपणाची गुलाबबाग. दोन्ही हजार तुकड्यांचे जिगसॉ. जुळवायला बसलं की वेळ कसा जातो ते कळत नाही, असं दोन्हींवर लिहिलेलं. मला तो चांगलाच कळत होता.

“तोफ कुठे आहे?” मी विचारलं.

“कारंज्याच्या डावीकडे. नेम थेट बाकावर बसलेल्या बाईवर.” तो अगदी गंभीर होता. “आत्या म्हणते, बाई जरा सरकली तर बरं.”

मला हसायचं नव्हतं. मी भांडायला आले होते. पण हसू फुटलंच, आणि माझं भांडण तिथेच बारगळलं.

मालकांनी दोन्ही खोकी उघडून तुकडे चाळले आणि भानगड लक्षात आली. दोन्ही जिगसॉ एकाच कारखान्यातले, एकाच साच्यानं कापलेले. चित्रं वेगळी, पण तुकड्यांचे आकार तंतोतंत तेच. म्हणून तर समुद्रातल्या भोकात गुलाब चपखल बसत होता, आणि बागेत तोफ. खोकी भरताना कुणीतरी दोन ढीग एकत्र केले असणार.

“कंपनीकडून नवे मागवतो,” मालक म्हणाले. “पण दोन-तीन महिने धरून चाला.”

तेवढी सवड मला नव्हती. मी तसं बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असावं. कारण कानामागची पेन्सिल काढून तो माणूस म्हणाला, “आपण आपसांत तह केला तर? तुमची जहाजं तुम्हाला, आमची फुलं आम्हाला.”

“मग द्या की आत्ताच.”

“आत्ता कशी देणार? तोफ ओळखू येते हो. पण तुमचा धूर आणि आमचं कुंपण, दोन्ही करडं. तुमचा समुद्र आणि आमचं आकाश, दोन्ही निळं. जुळवता जुळवता जसे सापडतील तसे द्यायचे. शेजारी कॉफीचं दुकान आहे... दर गुरुवारी संध्याकाळी? त्या दिवशी मी लवकर सुटतो.”

“काय करता तुम्ही?”

“लिफ्ट दुरुस्त करतो.”

“म्हणजे लोकांना वर-खाली नेता.”

“ते त्यांचे तेच जातात,” तो म्हणाला. “मधे राहिले की मला बोलावतात.”

माझ्या घाईचं कारण माझ्या उजव्या हातात होतं.

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, आणि आई गेल्यापासून त्यात बाबा आणि मी. बाबांची नजर उतरली तशी बारीक कामं माझ्याकडे आली, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला मोठा तोरा होता. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची, श्वास रोखून जागेवर बसवायची, आणि बंद पडलेलं घड्याळ टिकटिकायला लागलं की मान वर करायची. याहून मोठं सुख मला ठाऊक नव्हतं. मग उन्हाळ्यात भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवताना मी स्टुलावरून पडले. मनगट मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर खूश झाले. पण बोटं माझी राहिली नव्हती. चिमटा धरला की थरथरायची. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातला स्क्रू उडाला तो गेलाच. मी चिमटा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, जिगसॉ जुळवा, उजव्याच हातानं, एकेक तुकडा चिमटीत धरून. मी आरमार निवडलं, कारण बाकीच्या खोक्यांवर मांजरीची पिल्लं होती. आणि मनाशी एक ठरवून टाकलं. हे चित्र पूर्ण झालं की मगच दुकानातल्या टेबलाशी बसायचं, त्याआधी नाही. यात शास्त्र काही नव्हतं. घाबरलेल्या माणसाला काहीतरी अट लागते, तशी मी ती स्वतःला घालून घेतली.

बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी “हात कसा आहे?” विचारलं की मी “मस्त” म्हणायचे, आणि कप डाव्या हातात धरायचे. बाबा मान डोलवायचे. एक दिवस जेवताना म्हणाले, “तो मोबाइलची कव्हरं विकणारा आहे ना कोपऱ्यावर, तो आपली दुकानाची जागा भाड्यानं मागतोय. पावसाळा सरला की सांगतो म्हटलंय. तुला काय वाटतं?”

“बघू,” मी म्हणाले. आणि ताट उचलून उठले.

पहिल्या गुरुवारी मी त्याला गुलाबाच्या पाकळ्या दिल्या, घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या गोल डबीत घालून. त्यानं मला काड्यापेटी दिली. आत तोफ, शिडाचा एक कोपरा आणि अर्धा सैनिक.

“हा अर्धाच?”

“उरलेला तुमच्याकडे असेल. पाण्यात बघा, बिचारा पोहत असणार.” त्यानं कॉफीवर फुंकर घातली. “जिंकतंय कोण पण?”

“कळायला मार्ग नाही. सगळीच पेटलीत. बाबा रोज विचारतात, यात आपली जहाजं कुठली. म्हटलं, आपली कुठलीच नाहीत. तर म्हणाले, तरी बाजू घ्यायला हवी, नाहीतर बघण्यात मजा काय?”

“मग घेतली?”

“लाल शिडवाल्यांची. हरतायत असं दिसतंय.”

तो हसला. हसताना आधी त्याचे डोळे बारीक व्हायचे आणि मग ओठ हलायचे, जणू परवानगी काढून. आत्यानं त्याला लहानाचं मोठं केलं होतं. गुडघ्यांमुळे तिचं बागेत जाणं बंद झालं, म्हणून त्यानं तिच्यासाठी बाग घरी आणली होती. आता रोज कामावरून आलं की दोघं गुलाब जुळवत बसायची, आणि आत्या त्याला कुठलं फूल कुठल्या जातीचं यावर फैलावर घ्यायची.

“तुम्हाला येतं का काही बागेतलं?”

“मला केबल कळते, मोटर कळते,” तो म्हणाला. “गुलाबाला काटे असतात एवढं ऐकून आहे.”

त्या दिवसापासून मी त्याला माळीबुवा म्हणायला लागले. त्यानं मला आरमारप्रमुख केलं. कॉफीच्या दुकानात शिरताना तो दारातूनच एक कडक सलाम ठोकायचा आणि आजूबाजूचे लोक बघायला लागले की मी मेनू वाचल्याचं सोंग करायचे. मेनूत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

एका गुरुवारी पाऊस असा कोसळला की समोरची इमारत दिसेना. मी छत्री मिटत आत आले तर तो आधीच कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला, केसांतून पाणी गळतंय आणि काड्यापेटी मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड.

“स्वतः भिजलात आणि समुद्र कोरडा ठेवलात,” मी म्हणाले.

“समुद्र परक्याचा आहे. जपायला नको?”

मी कप उचलला. त्याची नजर माझ्या हातावर गेली. “डावखुऱ्या आहात का?”

“हो,” मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. मोडक्या हाताची, दुकान जाणार असलेली, कीव करण्याजोगी मुलगी मला त्या टेबलाशी नको होती. तिथे मी आरमारप्रमुख होते, तीच बरी होते.

पुढच्या गुरुवारी त्यानं काड्यापेटीबरोबर एक कागदात गुंडाळलेली वस्तू पुढे सरकवली. उघडली तर कात्री.

“डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते,” तो म्हणाला. कान लाल झाले होते. “साधी कात्री तुम्हाला उलटी पडत असेल ना... तीन दुकानं हिंडलो.”

मी ती कात्री डाव्या हातात धरून हवेत दोनदा चालवून दाखवली. फारच छान आहे म्हणाले. घरी जाताना चिखल तुडवत रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या आणि तरीही पिशवीत हात घालून ती जागेवर आहे ना हे चाचपत होते. प्रेमात पडल्याचं मला तिथे, त्या चिखलात, एका निरुपयोगी कात्रीमुळे कळलं. कळल्यावर आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली, की हे आरमार पूर्ण झालं म्हणजे गुरुवारही संपणार.

म्हणजे गंमत बघा. पूर्ण झालं नाही तर दुकान जाणार होतं, आणि पूर्ण झालं तर तो.

हात मात्र काम करत होता. सुरुवातीला एकेक तुकडा बोटांतून निसटायचा, टेबलाखाली जायचा, आणि मी रांगत रांगत शोधायचे. हळूहळू डोलकाठ्या उभ्या राहिल्या, दोरखंड ताणले गेले, आकाशात धूर चढला. बाबा संध्याकाळी माझ्या मागे येऊन उभे राहायचे आणि “लालवाले अजून तगून आहेत” असा अहवाल द्यायचे. अर्धा सैनिक पुरा झाला. तो पोहत नव्हता, एका फळीला धरून होता. बाबांना त्याचं फार बरं वाटलं.

इकडे माळीबुवांच्या काड्यापेट्या हलक्या होत चालल्या. आधी मूठभर तुकडे यायचे, मग चार, मग एखाददुसरा. “आता संपत आले असतील,” तो म्हणायचा आणि दुसरी कॉफी मागवायचा. आम्ही तुकड्यांवर घटकाभर बोलायचो आणि बाकीच्या जगावर तासभर. तो कापडदुकानाच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या लिफ्टबद्दल सांगायचा, जिला उन्हाळ्यात चालायचं नसतं आणि पावसाळ्यात थांबायचं नसतं. मी घड्याळांबद्दल सांगायचे, पण ती बाबा दुरुस्त करतात असं सांगायचे.

पाऊस ओसरला. बाबा म्हणाले, “कव्हरवाला रविवारी जागा बघायला येतोय.” तेव्हा माझ्या आरमारात एकच भोक उरलं होतं. ऐन मधोमध, लाल शिडाच्या जहाजाच्या पुढच्या टोकाशी, तळहाताएवढं. माझ्याजवळ उरलेले सगळे तुकडे मी तिथे घालून पाहिले. सगळे बसले, आणि सगळे चुकीचे. भर समुद्रात दगडी कुंपण उभं राहिलं. मी ते उपसून काढलं आणि गुरुवारची वाट बघत बसले.

“काय आणलंत?” कुंपणाचे तुकडे त्याच्यापुढे ठेवत, बसण्याआधीच मी विचारलं.

“या वेळी... काहीच नाही मिळालं.” तो कपात बघत होता. “पुढच्या गुरुवारी नक्की.”

“पुढच्या गुरुवारी उपयोग नाही.”

“एवढं काय त्यात, आरमारप्रमुख? लढाई काय पळून जातेय?”

मग माझा बांध फुटला. मी सगळं सांगून टाकलं, भराभर, वाक्य संपण्याआधी दुसरं सुरू करत. स्टूल, मनगट, उडालेला स्क्रू, मी स्वतःला घातलेली अट, रविवारी येणारा कव्हरवाला. हे माझ्यासाठी खेळणं नाही म्हणाले. घड्याळं बाबा नाही, मी दुरुस्त करते म्हणाले. “आणि मी डावखुरी नाही. कात्रीबद्दल सॉरी.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेला. मला वाटलं, खोटं बोलल्याचा राग आला. पण त्यानं शर्टाच्या खिशातून काड्यापेटी काढली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. ती गच्च भरलेली होती.

मी उघडून पाहिलं. जहाजाचं टोक, त्यावर कोरलेला घोडा, फेसाळ पाणी. सगळे.

“कधी सापडले?”

“झाले बरेच दिवस.” आवाज खाली गेला होता. “एकदम दिले असते तर तुम्ही पुढच्या गुरुवारी कशाला आला असतात? म्हणून थोडे थोडे पुरवत होतो... मला वाटलं, विरंगुळा आहे. लवकर संपला काय, उशिरा संपला काय.”

“तू,” मी म्हणाले. इतके गुरुवार आम्ही अहो-जाहो करण्यात काढले होते. पहिला तू निघाला तो असा. “तुझ्या गमतीपायी माझं दुकान हातचं चाललंय, कळतंय का तुला?”

“नव्हतं कळत,” तो म्हणाला. “आत्ता कळलं.”

त्यानं स्वतःची बाजू मांडली असती तर मला भांडता आलं असतं. मी काड्यापेटी उचलली, कॉफी तशीच टाकली आणि बाहेर पडले.

रागात माणूस भरभर चालतो. घरी पोचले, पर्स खांद्यावरून काढली नाही, चपला काढल्या नाहीत, सरळ टेबलाशी गेले आणि काड्यापेटी ओतली. घोडा इथे. फेस इथे. मनात त्याच्याशी कडाकडा भांडत होते, काय काय बोलायला हवं होतं ते आत्ता सुचत होतं. म्हणे पुरवत होतो. रेशन आहे का? तुकडा, तुकडा, तुकडा. शेवटचा तुकडा लाटेचा होता. तो बसवला तरी माझं भांडण संपलं नव्हतं.

“उजव्या हातानं,” मागून बाबा म्हणाले.

“काय?”

“सगळे उजव्या हातानं लावलेस. आणि एकदाही चाचपडली नाहीस.”

मी हाताकडे पाहिलं. तो टेबलावर होता, गप्प. मी त्याच्याकडे बघतेय म्हणून तरी तो थरथरेल असं वाटलं. थरथरला नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तू डाव्या हातानं कप धरतेस, दार उघडतेस, केस विंचरतेस. मी काय आंधळा झालोय?” बाबा म्हणाले, आणि मग स्वतःच हसले, कारण तो शब्द त्यांना जरा जवळचाच होता. “मला वाटलं, तुला परत त्या टेबलाशी बसायचंच नाहीये आणि ते तुला माझ्यापाशी बोलवत नाहीये. म्हणून कव्हरवाल्याला बोलावलं. तुझ्यावर ओझं नको.”

म्हणजे आम्ही दोघंही एकमेकांना जपत होतो आणि त्या जपण्यात दुकान घालवून बसणार होतो.

“दिवा लावा,” मी म्हणाले.

दुकानात टेबलावरचा दिवा लागला. बाबांनी कपाटातून एक नाजूक बायकी मनगटी घड्याळ काढलं. मी पडले त्या आठवड्यात आलेलं, तेव्हापासून त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडे दिलं नव्हतं. मी खण उघडून भिंग घेतलं, डोळ्याला लावलं, चिमटा उचलला. पहिल्यांदा टोक हललं. मी थांबले. बाबाही श्वास घ्यायचे थांबले, मला ऐकू आलं. मग मी मघाचा राग आठवला, अगदी मुद्दाम, आणि स्प्रिंग जोडलेलं बारीक चाक उचलून जागेवर ठेवलं. ते बसलं. डगमगलं, आणि फिरायला लागलं.

टिकटिक इतकी बारीक होती की रस्त्यावरच्या एखाद्या हॉर्ननं पुसली गेली असती. पण त्या क्षणी रस्त्यानंही गप्प राहायचं ठरवलं होतं. माझ्या छातीवर कितीतरी आठवडे बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं. मी हसत होते की रडत होते ते बाबांना कळेना आणि मलाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

“कव्हरवाल्याला काय सांगू?” त्यांनी विचारलं.

“सांगा, जागा रिकामी नाही.”

भिंग ठेवायला मी खण पुन्हा ओढला, तर आतली गोल डबी घरंगळत पुढे आली. आता ही गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. त्यालाही सांगितली नव्हती. डबीत तीन तुकडे होते. बागेचं फाटक, फाटकाची कडी आणि वरच्या कमानीतला पिवळा गुलाब. ते मला माझ्या डोलकाठ्यांमध्ये कधीच सापडले होते. पुढच्या वेळी देऊ, पुढच्या वेळी देऊ, असं करत मी ते इथे टाकून ठेवले होते. आत्याची बाग बिनफाटकाची ठेवली होती मी, आणि मघाशी काय तोऱ्यात उठून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी कापडदुकानाच्या इमारतीत गेले. तिथल्या म्हाताऱ्या लिफ्टचं काम या आठवड्यात आहे, असं तो मागे म्हणाला होता. तळमजल्यावर पाटी लटकत होती, लिफ्टचं काम चालू आहे, जिना वापरा. मी जिना वापरला. एका मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं, समोर लाकडी अडसर ठेवलेला, आणि आतून पान्याचा आवाज येत होता. वाकून पाहिलं तर जमिनीच्या पातळीवर त्याचं डोकं आणि खांदे. तो लिफ्टच्या टपावर उभा होता. म्हणजे माझ्या पायांशीच, म्हणायला हरकत नाही.

त्यानं वर पाहिलं आणि पाना हातातच राहिला. डोळे लाल होते. दाढी केलेली नव्हती.

“रात्रभर विचार करत होतो,” तो म्हणाला. “त्या कव्हरवाल्याला मी भेटू का? त्याला दुसरी जागा शोधून देईन. या इमारतीत खाली एक गाळा—”

“हात चालतो,” मी म्हणाले.

“काय?”

“हात. चालतो. काल घड्याळ सुरू केलं. दुकान कुठेही जात नाही.”

त्यानं डोळे मिटले आणि कपाळ समोरच्या केबलला टेकवलं. खांदे खाली आले, एक लांब श्वास सुटला, तो त्या सगळ्या बोगद्यात घुमला. माझ्या हातासाठी कुणी इतकं घाबरलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. कालचा राग मी शोधला, पण तो काही सापडेना.

“देवा,” तो म्हणाला. “मला वाटलं, माझ्यामुळे गेलं सगळं.”

मी खाली बसले, पायऱ्यांवर बसतात तशी, आणि डबी त्याच्यापुढे धरली. त्यानं उघडली. आधी फाटक बघितलं, मग कडी, मग माझ्याकडे.

“हे कधी सापडलं?”

“झाले बरेच दिवस.”

मग त्याचे डोळे बारीक झाले.

“आत्या रोज म्हणते, फाटक नसल्यामुळे बागेत गुरं शिरतील,” तो म्हणाला. “का नाही दिलंत?”

“दिलं असतं तर तू पुढच्या गुरुवारी कशाला आला असतास?”

खाली कुणीतरी जिना चढताना लिफ्टवाल्यांच्या नावानं कुरकुरत होतं. आम्ही दोघांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

“मला ‘तू’ म्हणालीस,” तो म्हणाला.

“कालही म्हणाले होते.”

“कालचा वेगळा होता. काल जीव घाबरला. आज...” त्यानं पाना टपावर ठेवला, डबी खिशात घातली, खिशावर हात ठेवला. “हे बघ, मला नीट बोलता येत नाही. आत्याचे गुलाब जुळून गेलेत आणि तुझी लढाई संपली. आता गुरुवारी यायला काही कारण उरलं नाही. मला कारण नसतानाही यायचंय. तू मला आवडतेस. त्या पहिल्या दिवशी खोका आपटलास ना, तेव्हापासून.”

“मी गुरुवारी येणार नाही,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. तो मी क्षणभर पडू दिला. तुकडे अडकवून ठेवल्याची एवढी शिक्षा तर हवीच होती.

“गुरुवारची वाट बघायचा मला कंटाळा आलाय. आज ये. दुकान बंद झालं की ये. बाबांना भेट, त्यांना लालवाल्यांबद्दल बोलायला कुणीतरी हवंय. आणि मलाही तू आवडतोस, माळीबुवा. मला ते चिखलात कळलं, कसं ते नंतर सांगेन.”

तो वर बघत राहिला. मग म्हणाला, “मी बाहेर येतो,” आणि अडसर बाजूला सारून त्यानं दाराच्या चौकटीवर एक हात टेकवला. दुसरा माझ्याकडे केला. ग्रीसनं माखलेला, केबल ओढून राठ झालेला हात. तो थरथरत होता, माझा उन्हाळ्यानंतर थरथरायचा तसाच.

मी माझा उजवा हात पुढे केला आणि तो घट्ट धरला. वजन त्यानं चौकटीवरच टाकलं, मनगटाला जराही ओढ लागू दिली नाही. पण वर आल्यावर, पाय जमिनीवर टेकल्यावरही त्यानं हात सोडला नाही आणि मी सोडवून घेतला नाही. त्याची बोटं हळूहळू शांत होईपर्यंत आम्ही त्या उघड्या दारापाशी तसेच उभे होतो.